गच्चीवरची काळी दोरी

हदगावच्या बस स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघीजणी बसल्या होत्या.

"पंचफुलाबाई, सुधरलं का तुमचं नेट?"

"सुधरलं. नेटवाला गच्चीवर गेला अन् वरूनच वरडला, मावशी, वायरीवर कपडे कोण वाळू घालतं?"

"अगं माय! कोण?"

"मीच की! मला ती दोरीच वाटली."

"म्हणून रोज धुणं झालं की नेट जायचं?"

"हाव. आमच्या पोरीची, प्रियदर्शनीची, नेटवर नोकरीची मुलाखत चालू होती, तवा तर पार बंदच पडलं."

"तिला सांगितलं का?"

"न्हाई अजून."

"पण त्या दिवशी एवढं काय वाळू घातलं होतं?"

"कॅमेऱ्यात पोरीच्या मागं मळकं काही दिसू नये म्हणून घरातल्या सगळ्या वाकळा-गोधड्या धुतल्या होत्या मी."