पाणी आहे, पण वाट नाही

मागं उभं राहिलेल्यांनी पुढं या, सतरंजी रिकामी आहे. मल्लिनाथ असता तर त्यानंच एकेकाचा हात धरून पुढं बसवलं असतं, आणि बसवता बसवता घरच्यांची चौकशीही करून घेतली असती. मला ते जमत नाही. मी आपली इथूनच सांगते.

सुवर्णावहिनी, बाजारातले त्याचे व्यापारी मित्र, आपल्या गटातली मुलं-मुली, आणि एवढ्या लांबून, नदीकाठावरून आलेल्या गंगव्वा. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नको म्हटलं होतं. रडू येईल म्हणून नव्हे, राग येईल म्हणून. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे. तोच तर माझा त्रास आहे.

आधी एक सांगून टाकते. ज्याला त्याला वाटतंय, नदीत गेला. नाही. मल्लिनाथ नदीत गेला नाही, दुकानात गेला. गिऱ्हाइकाला चादर उलगडून दाखवत होता, छातीत कळ आली आणि खाली बसला. नदीचा त्यात काही संबंध नाही. नदीवर आळ नको.

मी शैला. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. वरच्या धरणातून पाणी सुटलं की आपल्या भीमेच्या खडकाळ टप्प्यात ते उसळतं, पांढरंशुभ्र होतं. त्या पाण्यात कयाक घालायची, म्हणजे एकट्यानं बसायची अरुंद होडी, हा आमचा उद्योग. गट आम्ही दोघांनी मिळून काढला. होडी मी त्याच्यापेक्षा चांगली चालवते. हे त्यालाही मान्य होतं. चारचौघांत सांगायचा, "आमची मास्तरीण पाण्याला भीत न्हाई, पाणीच हिला भितंय." सगळे हसायचे, टाळ्या द्यायचे. टाळ्या कुणाला? त्याला. कौतुक माझं, आणि वाहवा त्याची.

होड्या घालायच्या आधी नदी बघून यावी लागते. धरणातून पाणी किती सोडलंय, कुठं झाड अडकलंय, कुठं पंपाची वायर पाण्यावर लोंबतेय. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बंधाऱ्याचे बर्गे काढलेत की घातलेत. काठावरच्या माणसांना हे सांगायला नको. शहरातल्यांसाठी सांगते. बर्गे म्हणजे बंधाऱ्याच्या खांबांमध्ये बसवायच्या फळ्या. त्या घातलेल्या असल्या की पाणी वरून कोसळतं आणि पायथ्याशी जागच्या जागी गोल फिरत राहतं. त्यात सापडलेला माणूस बाहेर येत नाही. हे सगळं मी बघायची. मीच बघायची. एकदाही चुकले नाही.

आणि मल्लिनाथ काय बघायचा? तो माणसं बघायचा.

त्या टप्प्यापाशी जायला सरकारी रस्ता नाही. गंगव्वांच्या उसाच्या कडेनं पायवाट आहे, तिथून होड्या खांद्यावर घेऊन उतरावं लागतं. तर हा बांधावरूनच कानडीत हाक मारायचा, "अव्वा, ऊटा आतेन?" जेवलीस का, एवढंच. नदीचं नाव नाही, वाटेचं नाव नाही. मग भाकरी, शेंगाचटणी, म्हशीची विचारपूस, लेकीच्या सासरची विचारपूस. मी तिकडं गुडघाभर पाण्यात खडक चाचपडत उभी, आणि हा ओट्यावर दुसरी भाकरी मोडतोय. दोघं वर आलो की गट कुणाच्या तोंडाकडं बघायचा? त्याच्या. भिजलेली मी आणि विचारायचे त्याला. हसू नका, तुम्हीच बघायचात.

मला त्याचा हेवा वाटायचा. चुकलं. वाटायचा नाही, वाटतो. आज या फोटोला हार घातलाय तरी वाटतो.

एकदा हा बार्शीला लग्नाला गेलेला. म्हटलं, बरं झालं. सगळं मी एकटीनं बघितलं. पाणी बेतशीर, बर्गे काढलेले, वाट कोरडी. गंगव्वांनाही विचारलं, माझ्या पद्धतीनं, दोन वाक्यांत. त्या हो म्हणाल्या. मी गाडीपाशी येऊन म्हटलं, "चला, उतरवा होड्या." कुणीही दोरीला हात लावला नाही. माना खाली. मग एक जण हळूच म्हणाला, "मॅडम, मल्लूदादांना एकदा फोन करू या का?"

लावला फोन. मागं बँड वाजतोय, हा ओरडतोय, "मास्तरीण हाय म्हणालीय न्हवं? मग मला कशाला विचारायलाय? उतरवा की!" आणि होड्या भराभरा खाली आल्या. समजलं का तुम्हाला? माझ्यावर विश्वास ठेवा, हे सांगायलासुद्धा तोच लागला. त्या दिवशी मी इतकी सुंदर होडी चालवली की विचारू नका. आणि संध्याकाळी त्याला फोनवर कुणी सांगितलं? मीच. आधी त्यालाच सांगावंसं वाटलं. अशा माणसाचं काय करायचं?

आणखी एक दिवस सांगते, मग थांबते. त्या दिवशी असं पाणी होतं, असं पाणी, की वर्षात एकदा मिळतं. मी खालून पळत वर आले. हा गंगव्वांच्या घराकडून येत होता, तोंड उतरलेलं. म्हणाला, "मास्तरीण, पाणी आहे, पण आज वाट नाही." गंगव्वांचे दीर पहाटे गेले होते. मी म्हटलं, वाईट झालं, पण आपण आवाज न करता जाऊ, कुणाला कळणारही नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "लाल-पिवळ्या होड्या खांद्यावर घिऊन त्या दारावरनं जायचं? बघ, तुझं तूच सांग." मग म्हणाला, "नदी कुटं पळून चाललीय का?"

नदी नव्हती पळणार. पाणी मात्र संध्याकाळपर्यंत उतरलं. येताना वळसंगला गाडी थांबली, तरी मी बोलले नाही, चहाही घेतला नाही. त्यानं माझा चहा पण पिऊन टाकला. वर म्हणाला, "रुसायचं तर चहा पिऊन रुसावं, ताकद ऱ्हाते." असा होता तो. धड भांडूही द्यायचा नाही.

तो गेला आणि त्याच आठवड्यात धरणातून पाणी सुटलं. काल मी नदीवर जाऊन आले. नावं ठेवणारे ठेवा. मला दुसरं कुठं जावं ते कळेना. पाणी बघितलं, बर्गे काढलेत. चढून वर आले तर बांधावर गंगव्वा उभ्या. मी तोंड उघडायच्या आधीच त्या म्हणाल्या, "वाट तुमचीच हाय बाई. कवाबी या. त्येनं मागंच सांगून ठेवलंया, म्या नसलो तरी आमच्या बाईला आडवू नगं."

गंगव्वा, तुम्ही मायेनं बोललात. पण मला काय वाटलं सांगू? माझी वाटसुद्धा तोच मोकळी करून गेला. मला भांडून, मागून, विचारून मिळवायला काही ठेवलंच नाही.

आणि आज सकाळी आपल्या गटातल्या मुलांचा निरोप आला. "मॅडम, रविवारी पाणी चांगलं आहे. जायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

तुम्ही म्हणाल तसं. हे तीन शब्द ऐकायला मी किती वर्षं थांबले, ते माझं मला माहीत. मग उत्तर लिहिलं आणि पाठवलं. पाठवल्यावर वाचलं. मी लिहिलं होतं, "पाणी आहे, पण रविवारी वाट नाही."

कशी असेल वाट? या वेळी मयत आपल्याच घरात झालंय. त्याच्या दारावरनं लाल-पिवळ्या होड्या घेऊन कसं जायचं?

पण बघा की. इतक्या वर्षांनी निर्णय माझा, एकटीचा. आणि शब्द त्याचे. इथंही त्यानं मला पहिलं येऊ दिलं नाही. मल्लिनाथ, तुझा मला फार हेवा वाटतो रे. आणि आता हेवा करायलाही कुणी उरलं नाही.

गटातल्यांना माहीत आहे, होडीत बसायच्या आधी तो सगळ्यांना काठावर गप्प उभं करायचा. "तोंड बंद, कान उघडे. आधी तिचं ऐका," नदीकडं बोट करून म्हणायचा. मला तेव्हा ते नाटक वाटायचं. आज तसंच करू या. सगळे उभे राहा. डोळे मिटले नाहीत तरी चालतील. गप्प राहू या.

आणि झालं की "चला" मी म्हणेन. मी म्हटल्यावर त्याच्या फोटोकडं बघू नका. एवढं ऐका माझं.

मीही बघणार नाही. जमलं तर.