माझ्या वाट्याचे सात सूर

मी मूळचा अकोल्याचा. वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे फुंक घरातलीच, पण मी शिकायला म्हणून सिडनीला आलो आणि बस चालवायला लागलो, ते असो. आमच्या डेपोत रामिरो होता, बोलिव्हियाचा, मेकॅनिक. त्यानं मला त्याच्या रॉक बँडमध्ये ओढलं. मागे गिटार, ड्रम्स आणि पुढे आम्ही दोघं, त्याच्या डोंगरातली बासरी घेऊन.

काय सांगू तुम्हाला, ती बासरी एकट्याची नसतेच. वेताच्या नळ्यांचे दोन जुडगे, सहा नळ्या त्याच्याकडे, सात माझ्याकडे, एक सूर त्याचा, पुढचा माझा. एकट्यानं वाजवली तर नुसती भोकं पडतात गाण्याला. तो म्हणायचा, बस तू एकटा चालव मेट, गाणं दोघांनी चालवायचं.

बारा वर्षं चालवलं. ब्लॅकटाउनचे पब, गावोगावचे फेस्टिव्हल, एक अल्बम. अल्बमवर फोटो मात्र त्याचा एकट्याचा. तो म्हणाला, मला विचारलंच नाही रे कुणी. मी नो वरीज म्हटलं. पण ते मनात राहिलं. बायकोलाही कधी बोललो नाही, तुम्हालाच सांगतोय.

मग लॉकडाउन. पाच किलोमीटरच्या बाहेर जायचं नाही, तो फेअरफिल्डला एकटा, मी क्वेकर्स हिलला. व्हिडिओ कॉलवर सूर उशिरा पोचायचा, जमेना. मग त्यानं आपला भाग रेकॉर्ड करून पाठवला, माझ्या सुरांच्या जागा मोकळ्या सोडून. म्हणाला, तुझा भाग पाठव, मी त्याच्यावर वाजवीन, घर खायला उठतंय. मी म्हटलं, आज आरव्होला पाठवतो, म्हणजे दुपारी. रोज तेच म्हटलं. वेळ नव्हता असं नाही हो, शिफ्ट निम्म्यावर आल्या होत्या. मला वाटलं, कळू दे याला, अर्धं गाणं कसं लागतं ते. पाच आठवडे.

मग त्याला कोविड झाला. हॉस्पिटलमधून मेसेज आला, एकच शब्द, आरव्हो? मी तसाच गॅरेजमध्ये गेलो, वाजवलं, पाठवलं. त्याच्याखाली अजून एकच टिक आहे, रामिरो हॉस्पिटलमधून परत आलाच नाही.

आता रविवारी गॅरेजमध्ये त्याचं रेकॉर्डिंग लावतो आणि मोकळ्या जागांत माझे सूर भरतो. मुलगी दारातून म्हणते, डॅड, यू आर लेट अगेन. खरंय तिचं. पूर्वी मी चुकलो की रामिरो थांबायचा, भुवई उडवायचा, मला पुन्हा धरू द्यायचा. आता थांबत नाही.