गोष्टीत मेलेली आई

ए, आधी बॅग ठेव आणि नुसतं ऐक! बसच्या रांगेत माझ्यापुढे एक कॉलेजातली मुलगी आणि तिची आई. आई लॉन्ड्रीत इस्त्री करते, दिवसभर उभी. मुलीची कथा कॉलेजच्या अंकात येणार होती आणि आईनं ती तिथेच, लेकीच्या फोनवर वाचून संपवली.

"मला मारलंस होय गं?"

"आई, ती तू नाहीस. कथेतली बाई आहे."

"लॉन्ड्रीत इस्त्री करते, डाव्या टाचेला भेग आहे, आणि ती मी नाही?"

"बरं, थोडीशी तू."

"आणि मेली कशानं?"

"थकून."

"थकून कोणी मरत नाही, बाळा. सकाळी उठून परत कामाला जातं."

"तसा शेवट केला तर वाचणार कोण? सर म्हणाले, शेवट वाचून अंगावर काटा आला."

"त्यांना म्हणावं, एक दिवस माझ्या जागी उभे राहा. काटा काय, पायात गोळे येतील."

"लेखकाला करावं लागतं गं असं."

"कर की. पण मी गेल्यावर घरी स्वयंपाक कोण करतं, ते लिहिलंच नाहीस."

"ते डोक्यातच नाही आलं."

"झालीस मग लेखिका!"

"आई, थांब, सरांचाच फोन. कथा छापायला देऊ का, विचारत असणार."

"मग सांग त्यांना."

"काय सांगू?"

"मला काय विचारतेस? मी तर मेले ना!"

फोन वाजतच राहिला गं, आणि तेवढ्यात माझी बस आली. तू असतीस, तर काय सांगितलं असतंस सरांना?