त्यांचा चष्मा आणि ठकीची गोळी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या चर्चच्या मंडळीचे प्रमुख वडील म्हणजेच एल्डर, कारभारी समितीचे सभासद, शेजारच्या मंडळ्यांमधून आलेले पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले पाळकसाहेब, पाळकीणबाई आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

महिला संघाच्या वतीने आभाराचे चार शब्द बोलायला मला उभं केलं आहे. माझ्या मागची सरकती भिंत आज मुद्दाम बंद ठेवली आहे, हे आपल्या लक्षात आलं असेल. भिंतीपलीकडे चर्च, अलीकडे हा हॉल. पलीकडे बाईने तोंड उघडायचं नाही, तसं शास्त्रात लिहिलंय, असा गेल्या वर्षी आपल्या समितीने ठराव केला. अलीकडे चालतं. एका पातळ लाकडी भिंतीमुळे माझं बोलणं पाप ठरत नाही, तेव्हा पहिले आभार ती बसवणाऱ्या सुताराचे. हसा, हसा. मला मात्र हसू येत नाही.

आता सत्कारमूर्तींकडे वळते. निमंत्रणपत्रिकेत छापलंय की पाळकसाहेब प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्त होत आहेत. मघाशी हे एवढं जड भेटीचं घड्याळ त्यांनी एका हाताने उचलून टेबलावर ठेवलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्यांच्या प्रकृतीला काय धाड भरलीय? प्रकृतीचा प्रश्न होता तो माझ्या भाचीच्या. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, कपाळावर टाके पडलेली. तिला आपण सगळे ठकी म्हणतो.

ठकीला लहानपणापासून फिट येते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि पोरगी मार्गी लागली. सायकल चालवायची, भावंडांशी कडाकडा भांडायची, आत्याला उलट उत्तरं द्यायची. मग एका रविवारी प्रमुख वडिलांनी प्रवचनात ती गोष्ट घेतली. फिट येऊन विस्तवात आणि पाण्यात पडणारा मुलगा, आणि प्रभूने त्याच्यातून काढलेलं भूत. वडील म्हणाले, "शास्त्रातला शब्द म्हणजे शब्द. भूत लिहिलंय, तर भूतच. तिथे गोळी देणं म्हणजे प्रभूवर अविश्वास." माझा दादा, ठकीचा बाप, पहिल्या बाकावर बसून मान डोलावत होता. त्याच दिवशी गोळ्या बंद झाल्या. वहिनी रडली, पण बायकोने नवऱ्याच्या आज्ञेत राहावं, हेही लिहिलेलं आहेच. लिहिलेलं सगळं बरोबर आमच्याच वाट्याला कसं येतं, देव जाणे!

पुढे काय व्हायचं ते झालं. ठकी घराच्या जिन्यावरून गडगडली. कपाळ फुटलं, आणि फिट काही थांबेना. दादाने आधी प्रमुख वडिलांना फोन केला. ते प्रार्थना करून तिच्या कपाळाला लावायला तेलाची बाटली घेऊन निघाले. वहिनीने पाळकसाहेबांना फोन केला. ते आधी पोचले, पोरीला उचलून गाडीत घातलं आणि थेट हॉस्पिटलात नेलं. वाटेत प्रार्थनाही केली म्हणे, गाडी चालवता चालवता, डोळे उघडे ठेवून. ठकी वाचली, आणि डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. समितीने बैठक घेतली आणि ठरवलं की पाळकांनी जाहीरपणे अविश्वास दाखवला. म्हणून हे घड्याळ, हा हार आणि ही आपली गोड गोड भाषणं.

अध्यक्षमहोदय, घंटी वाजवू नका. चार शब्दांतला माझा एकच झाला आहे.

लोक या प्रकाराला मूलतत्त्ववाद म्हणतात. मूळ धरून राहण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी आई शास्त्र उशाशी घेऊन झोपायची, पण त्यातलं वचन तिने कधी कुणाच्या डोक्यात हाणलं नाही. आणि शब्दशः म्हणाल, तर उजवा डोळा पापाला कारण झाला तर उपटून टाका, असंही त्यात आहे. मी चष्म्याच्या दुकानात बसते. या मंडळीतली निम्मी माणसं माझ्याकडे येतात, आणि सगळी दोन्ही डोळे घेऊन येतात! असेल नसेल ते विकून गरिबांना द्या, असंही आहे. समितीतल्या कुणी घर विकल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मग शब्दशः म्हणजे नेमकं काय? मला तर एवढंच दिसतं की स्वतःला बोचणारं वचन आलं की त्याचा अर्थ खोल असतो, आणि दुसऱ्याच्या लेकराला बोचणारं आलं की ते जसंच्या तसं पाळायचं असतं.

मागच्या महिन्यात प्रमुख वडील माझ्या दुकानात आले होते. वडीलजी, बसा ना, उठताय कशाला? शास्त्रातली बारीक अक्षरं दिसत नाहीत म्हणाले. मी नंबर तपासला. समोरच्या पाटीवरची अक्षरं त्यांनी एकेक करून अगदी बरोबर वाचली. त्या पाटीवरच्या अक्षरांना काही अर्थ नसतो, ती नुसती वाचायची असतात. मग मी विचारलं, "वडीलजी, प्रभूने आंधळ्यांना दृष्टी दिली, तेही लिहिलंय. मग तुम्हाला चष्मा कशाला?"

म्हणाले, "ते वेगळं."

काय वेगळं? तुमचे डोळे तुमचे, आणि ठकीचा मेंदू भुताचा? मी दिलेल्या काचेतून तुम्ही ते वचन वाचता आणि माझ्याच भाचीची गोळी बंद करता? त्या दिवशी मी चष्मा मुकाट्याने डबीत घालून दिला. तेव्हापासूनचा राग आज बाहेर पडतोय, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

पाळकसाहेब, आपण हॉस्पिटलच्या बाकावर बसून मला सांगितलेलं मी विसरले नाही. मी शिव्या घालत होते, तेव्हा आपण म्हणालात, "त्या गोष्टीत भुताखेरीज एक बापही आहे, बाई. तो रडून सांगतो, माझा विश्वास आहे, पण कमी पडतोय, मला हात द्या. प्रभूने त्याला हाकललं नाही. तुमच्या भावाशी तसंच वागा." मला ते जमलं नाही. महिनाभर मी दादाशी बोलले नाही.

आज बोलते. दादा, उद्यापासून पाळकसाहेब नाहीत. नवे पाळक समितीने आपल्या पसंतीचे निवडलेत. परवा वडीलजी तुझ्या घरी येऊन गेले, आणि कालपासून ठकीच्या गोळ्यांची डबी तुझ्या खिशात आहे. हे मला ठकीनेच सांगितलं. काल रात्रीची गोळी तिला मिळालेली नाही. आजची वेळ आता झाली आहे. तू बाप आहेस, मी नुसती आत्या. तुझ्या खिशात हात घालण्याचा अधिकार मला नाही. पण पाळकसाहेब इथून जाण्याआधी त्यांच्यासमोर तुझ्या हाताने तिला ती गोळी दे. निरोपाची भेट द्यायची तर ही द्या, घड्याळ कसलं देता?

दादा उठला आहे. वडीलजी, त्याला हाताने बस, बस करू नका. दादा, दाराकडे नको, इकडे ये. हो, पाणी हवंच. पाणी फक्त व्यासपीठावरच आहे. तो ग्लास वडीलजींच्या पुढचा आहे, असू दे, उचल. ठकी, ये गं.

पाळकसाहेब, पाळकीणबाई, आपण आमच्यासाठी जे केलंत त्याबद्दल महिला संघ आणि माझं कुटुंब आपलं मनापासून ऋणी आहे. अध्यक्षमहोदयांनी घंटी वाजवूनही मला बोलू दिलं, त्यांचेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करावी. बाकी मी जे बोलले, ते मात्र सर्वांनी शब्दशः घ्यावं.