वजा दहा

मी: बाबा, तुमचं गणित कच्चं आहे का?

बाबा: काय म्हणालीस?

मी: मी नाही म्हणत. मैत्रिणींची पैज आहे. नाही विचारलं तर उद्या मला सतराचा पाढा वर्गासमोर गाऊन म्हणावा लागेल. चालीत!

आई: म्हण मग पाढा. बापाला असं विचारतात का गं?

बाबा: वीस वर्षं सुतारकाम करतोय मी. माझ्या हातचं एक तरी दार कुरकुरलं का?

मी: दारांचं नाही हो, तुम्ही रॅक करताय त्या औषधांच्या दुकानाचं म्हणतेय. शाळेत प्रमाणबद्ध आकृती काढायची होती, खऱ्या वीस सेंटीमीटरला कागदावर एक. आम्ही चौघींनी तेच दुकान मोजलं. मग ताडून बघायला तुमची मापांची वही काढली...

बाबा: वहीला हात लावलास?

मी: ...आणि तुमच्या मापांनी दुसरी आकृती काढली. तुमचं दुकान लहान निघालं.

बाबा: तुमचंच चुकलं असणार. टेप ढिली धरली असेल. खिदळत मोजलं असेल.

मी: खिदळत मोजलं, पण तीनदा मोजलं.

आई: अहो, उद्या आठला प्लाय कापायचाय ना? अठरा फळ्या?

बाबा: कापायचाय. एवढं मोठं काम पहिल्यांदा मिळालंय, आणि ही आदल्या दिवशी शंका काढतेय. प्रमाणच चुकलं असेल तुझं.

मी: प्रमाण चुकलं असतं तर मोठी भिंत जास्त चुकली असती आणि खिडकी थोडी. इथे प्रत्येक रेघ बरोब्बर अर्धा सेंटीमीटर आखूड आहे, म्हणजे खरे दहा. भिंत साडेसोळा, हवी सतरा. खिडकी साडेपाच, हवी सहा. म्हणजे सहगुणक ठीक आहे, स्थिरांक बिघडलाय!

आई: कोण बिघडलाय?

मी: स्थिरांक. न बदलणारी संख्या. खरं माप क्ष धर. क्ष म्हणजे चल, दर वेळी वेगळा. आणि वहीत दर वेळी लिहिलंय क्ष वजा दहा. भिंत असो की खिडकी, दहा गायब.

बाबा: दहा? हं, ते टेपमुळे. टोकाचा पत्रा निघालाय, म्हणून मी दहाच्या खुणेपासून मोजतो. सगळेच तसं करतात.

मी: मग दहा जास्त यायला हवेत. इथे कमी आलेत.

बाबा: जास्त कसे येतील? मी दहा वजा करूनच आकडा सांगतो तुझ्या आईला, वहीत तीच लिहिते.

(आई हातातली कणीक तशीच धरून उभी.)

आई: वजा करून सांगता?

बाबा: मग? न करता सांगू?

आई: मग मी कशाला करतेय?

बाबा: तू... वजा करतेस?

आई: सोमवारपासून दर वेळी! तुम्हीच म्हणालात, टोक तुटलंय, दहा वजा धरायचे.

बाबा: ते मी स्वतःशी बोलत होतो!

आई: स्वतःशी बोलायचं तर हळू बोलावं! मी बिचारी एकेक आकडा डोक्यात वजा करून सुंदर अक्षरात लिहितेय.

बाबा: अक्षर सुंदर आहे, त्यात वाद नाही.

मी: रॅक आणि भिंतीमध्ये दहा सेंटीमीटरची फट राहिली असती. मांजरीने संसार थाटला असता.

बाबा: हसू नकोस. एकदा कापलेली फळी वाढत नाही. अठराच्या अठरा गेल्या असत्या, आणि पुढचं काम कोणी दिलं असतं?

आई: आता सगळ्यांत दहा मिळवले की झालं ना?

बाबा: आणि सोमवारच्या आधीची मापं? दुकानाची मागची खोली? तेव्हा तू करत होतीस की नव्हतीस?

आई: तेव्हा... आठवत नाही हो. बहुतेक नव्हते. कधीकधी करत असेन.

बाबा: कधीकधी!

आई: तुमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचे. थकलेले दिसलात की वाटायचं, विसरले असतील.

बाबा: आता काय करायचं?

मी: मी ठरवलंय. उद्या सहाला आपण तिघं दुकानात जायचं आणि शाळेच्या आधी सगळं पुन्हा मोजायचं. बाबा, तुम्ही टेप धरा आणि दिसेल तो आकडा वाचा. आई, ऐकशील तो आकडा लिही. दहा मी एकटीच वजा करणार. तुम्ही दोघांनी मनातल्या मनातसुद्धा करायचे नाहीत.