इलारीची तबकडी

—नाही गं, चुकली नाहीस, हीच पहिली टोपली, हाच बाक, आणि इलारीनेच बोलावलंय तुला. मी त्याची आई, ऐला. बस ना. तू मिंतू, हो ना? मेसेजखाली नाव होतं. तो येईल — म्हणजे, कामावरून सुटला की येईल, तोवर मी म्हटलं आपणच जाऊन बसावं, पोरगी ताटकळायला नको. कॉफी घे. घे गं, थर्मास भरून आणलाय, आणि हा वेलचीचा पाव, सकाळीच भाजलाय. अशी बघू नकोस, मला ठाऊक आहे, आपण फिनलंडची माणसं परक्याच्या बाकावर टेकायलासुद्धा संकोचतो, बसस्टॉपवरही चांगलं चार हात लांब उभे राहतो — आणि ही बाई कोण पाव भरवतेय! पण तू त्याची तबकडी परत आणलीस, म्हणजे परकी कशी?

बघू. हो, हीच. पिवळी, कडेला कुत्र्याने चावलेली. मागे नाव, फोन नंबर — त्याचंच अक्षर, सात कसा काढलाय बघ, मधे आडवी रेघ मारून. टोपलीत तबकड्या पाडायच्या या डिस्क गोल्फमध्ये पहिलं हेच शिकवतात ना, नाव-नंबर लिही, हरवली तर जिला-ज्याला सापडते ते मेसेज करतात. आणि करतातच गं! कुठे सापडली? थांब, मीच सांगते — तिसऱ्या टोपलीच्या मागे, रास्पबेरीच्या जाळीत. बरोबर ना? ...अं? मला कसं माहीत? अगं — तो म्हणाला होता. तिथेच कुठेतरी हरवली म्हणून.

हे मैदान बरंय तुझ्यासारखीला. टोपल्या जवळजवळ, झाडं थोडी, नवशिक्यांचंच मैदान हे. त्या टेकडीपलीकडच्या जंगलात जाऊ नकोस एवढ्यात, तिथे मुरलेले खेळणारे जातात, तबकडी गेली तर गेली, शेवाळात कोण शोधतंय! इथले लोक मात्र एकेका झुडपात डोकं घालतात, स्वतःची शोधताना दुसऱ्याची सापडते, आणि सापडली की असे हरखतात, जसं काही हरवलेलं लेकरूच सापडलं. म्हणून तर मी इथेच — म्हणजे, तो इथेच खेळतो. तुला शिकायचंय ना? हात लांबून फिरवू नकोस, छातीपाशी ओढून आण, आणि सोडताना जोर लावू नकोस, नुसती सुटू दे. इलारी असंच सांगायचा. मला शिकवताना तर हसून हसून मरायचा — आई, तू तबकडी फेकत नाहीस, कोंबड्यांना दाणे टाकतेस! ...काय झालं? पाव का ठेवलास खाली? सांगायचा म्हटलं का मी. हं. म्हटलं खरं.

नाही येणार तो. बस, बस, उठू नकोस. गेल्या वर्षी एप्रिलात गेला. तळ्यावरच्या बर्फात भोक पाडून मासे धरायला — एप्रिलातला बर्फ, वरून पांढराशुभ्र आणि आतून भुसभुशीत, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, आणि तरी कुणी ना कुणी जातंच, प्रत्येकाला वाटतं, आपल्याला अजून एकदा पेलेल. काउको, माझा नवरा, त्यानेच सांगितलं त्याला — जा रे, मी कालच जाऊन आलोय, पेलतो अजून बर्फ. काल पेललं होतं त्याने. तेव्हापासून काउको मासे खात नाही, तळ्याकडच्या खिडकीत बसत नाही, माझ्याशी फारसा बोलतही नाही. मी दोष दिला नाही गं त्याला, एका शब्दाने नाही. द्यायला हवा होता की काय, कुणास ठाऊक. भांडलो असतो तर निदान घरात आवाज तरी झाला असता.

फोन? फोन घरीच राहिला होता त्याचा, चार्जिंगला. दफन झालं, लोक कॉफी पिऊन आपापल्या घरी गेले, बर्फ वितळला, आणि एक दिवस तो फोन वाजला. ‘काय रे इलारी, तुझी निळी तबकडी गवतात मिळाली, पहिल्या टोपलीवर ठेवतोय.’ काय रे इलारी! अगं, अंगावर काटा आला माझ्या. सगळं गाव मला बघून मान खाली घालत होतं, आणि हा कोण कुठला माणूस — याच्या लेखी माझा पोरगा होता. उद्या येऊन आपली तबकडी उचलणार होता. मी लिहिलं, ‘थँक्स, येतो.’ त्याच्यासारखंच, तोडकं. आणि त्या दिवशी मला भूक लागली, पोटभर जेवले मी. मग कपाटातून त्याची पिशवी काढली आणि एकेक करून टाकत गेले — हो, मीच टाकते. जाळीत, उंच गवतात, त्या लाकडी पुलाखाली. मग घरी जाऊन फोनकडे बघत बसायचं. काउकोला कळलं तेव्हा म्हणाला, ऐला, बंद कर तो फोन, वेड लागेल तुला. मी म्हटलं, तू कर. त्यानेही हात लावला नाही.

पण सगळ्या परत येतात असं नाही. काही पाण्यात गेल्या, काही कुणाच्या घरी. ही शेवटची, पिशवीत आता दुसरी नाही. आणि तू तर सगळ्यांत छान लिहिलंस — ‘इलारी, फेकायला शिकवशील का? माझी दर वेळी डावीकडेच जाते.’ कुणीतरी त्याच्याकडे काही मागितलं गं, इतक्या दिवसांनी! उत्तर द्यायला नको होतं, पण हात ऐकेना, ‘ये’ लिहून मोकळी झाले. वाटलं, थोडा वेळ बसू तुझ्याशी, तो कामात अडकला म्हणू, आणि तू तशीच घरी जाशील — त्याला भेटायचं राहिलं, एवढंच मनात घेऊन.

रडू नकोस. मी नाही रडत, तू कशाला? ...काय? तू टाकतेस? आणि मेसेजही तूच करशील, अधूनमधून, ‘काय रे इलारी’ म्हणून? गुणाची आहेस गं. खरंच गुणाची आहेस. पण नाही चालायचं ते. तुला आता माहीत आहे. मघाशी या वाटेने आलीस ना, तेव्हा तुझ्या लेखी तो होता, कामावरून सुटून येणार होता, तुझी डावीकडे जाणारी तबकडी सरळ करणार होता. मीच बोलत सुटले आणि तुझ्यातूनही त्याला घालवून बसले.

दे ती इकडे. आणि तो नंबर पुसून टाक तुझ्या फोनमधून. ते बघ, तिकडून कुणीतरी येतंय, नवीनच दिसतात, अजून तबकडी धड धरताही येत नाही त्यांना. ते पोचायच्या आत मला ही टाकायचीय, आणि तुझ्यादेखत नाही टाकता यायची. ऊठ, पोरी. जा म्हटलं ना.