साडेसहा ओहमचा माल

शनिवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे. स्थळ : स्पीकर दुरुस्तीची कार्यशाळा, पहिला मजला. एका कागदी शंकूच्या कडेला गोंद लावण्यात दादा गढून गेले असता फोन वाजला. हात बरबटलेले, तेव्हा त्यांनी तो मान वाकडी करून खांद्याशी धरला. पलीकडे धाकटी बहीण होती. नवे चार स्पीकर आणायला त्यांनीच तिला घाऊक दुकानात धाडले होते.

"हॅलो?… हो, बोल… अगं, हळू! फसवणूक? कसली?… खोक्यावर आठ ओहम आणि मीटरवर साडेसहा. बरं. चारही?… वा, उत्तम!… थट्टा नाही गं, ऐक ना. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकव. काय दिसतं?… शून्य पूर्णांक तीन. तो तारांचाच अडथळा. वजा कर… हो, हो, आणखी कमी झालं. व्हायचंच!

अगं, मीटरची वीज नाकासमोर चालणारी. गाण्यातली वीज पुढे-मागे हेलकावते, आणि आतली गुंडाळी तिला दर सुराला वेगळं अडवते. स्पीकरचा स्वतःचा एक खर्ज असतो. तो लागला की ही अडवणूक तीस ओहमपर्यंत चढते, मग सात-आठावर उतरते… आठ हे ठोकळ नाव गं! घरात तुला 'छोटी' म्हणतात, म्हणून तू पाच वर्षांची आहेस का?… खरं मोजायला सूर सोडावे लागतात. ते यंत्र इथे, माझ्या टेबलावर.

दुकानदाराला काय म्हणालीस?… भामटा?… गिऱ्हाइकांदेखत?… अगं, सोळा वर्षं माल देतोय तो मला! एक नग कधी खोटा निघाला नाही!… खोकी परत फळीवर ठेवतोय? यापुढे आपल्याला माल बंद?… झालं! मी दुकान कशावर चालवू? मीटरवर आठच भरले पाहिजेत, हे कुठल्या शहाण्याने सांगितलं तुला?…

मी?…

कुठली चिठ्ठी?… वाच… 'मीटरने मोज. आठ भरले तरच घे.'… अक्षर माझंच?… सहीसुद्धा?…

तसं नव्हे, मला अभिप्रेत असं होतं की… नाही. अभिप्रेत काही नव्हतं. घाईत खरडलं… हस, हस. मनसोक्त हस.

आता फोन त्याला दे… घेत नाही? मग आवाज मोठा कर आणि गल्ल्यावर ठेव… असू देत गिऱ्हाइकं. त्यांनाही ऐकू दे.

हॅलो, शेटजी… मी बोलतोय. तुमचा माल चोख आहे. चूक माझी आहे."